बट्टा घ्या, पण आधी सांगून घ्या

प्रति,
कार्ड देणाऱ्या बँकांची संचालक मंडळं,
आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या मध्यवर्ती बँकांचे अधिकारी

महोदय, महोदया,

मी तीस वर्षं हिशेबनीस म्हणून काम केलं. दिवसभर रोजकीर्द लिहायची, खतावणी करायची आणि संध्याकाळी ताळा जुळल्याशिवाय उठायचं नाही. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी ही खोड गेलेली नाही. तुम्हाला हे पत्र लिहावं लागतंय ते या खोडीमुळेच.

गेल्या वर्षी परदेशात राहणारी माझी धाकटी बहीण आजारी पडली. शस्त्रक्रिया ठरली आणि मी निघाले. २३ दिवस तिथे होते. हॉस्पिटलची अनामत, औषधं, जाण्यायेण्याचं भाडं, तिच्या घरातलं लागेल ते सामान, सगळा खर्च मी माझ्या बँकेच्या कार्डावर केला. ६१ वेळा कार्ड चालवलं, ४ वेळा एटीएममधून रोख काढली. प्रत्येक व्यवहार वहीत टिपला आणि शेजारी त्या दिवशी मध्यवर्ती बँकेनं जाहीर केलेला विनिमय दर लिहिला. कुणाचा संशय होता म्हणून नव्हे. रात्री वॉर्डाबाहेरच्या खुर्चीवर बसून करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

परत आले, स्टेटमेंट उघडलं, आणि ताळा जुळेना.

५८ व्यवहारांत माझ्या वहीतल्या रकमेपेक्षा साधारण ४ टक्के जास्त कापले गेले होते. ३ व्यवहारांत जवळपास ८ टक्के. एकदा अगदी थोडी रोख काढली होती, तिथे तर ११ टक्क्यांच्या वर. शुल्कपत्रक शोधून काढलं. बारीक टायपातल्या ३२ पानांत, 'इतर आकारणी' या मथळ्याखाली साडेतीन टक्के असा एक आकडा सापडला. बाकीचं कुठे गेलं? ग्राहक सेवेला फोन केला. तिकडून बोलणारा मुलगा नम्र होता. तो म्हणाला, "मॅडम, ते सिस्टिमनं ऑटोमॅटिक होतं." मी म्हटलं, "सिस्टिमला कुणीतरी सांगितलं असेल ना, किती घ्यायचं ते?" त्यावर त्यानं मला संगीत ऐकत ठेवलं. त्या बिचाऱ्याचा दोष नाही, त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं. दोन लेखी तक्रारींना आलेलं उत्तर शब्दशः एकच होतं, फक्त तारीख वेगळी. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. बँकेचं नाव मुद्दाम घेत नाही. दुसऱ्या बँकांची शुल्कपत्रकं वाचल्यावर हे एका बँकेचं दुखणं नाही हे लक्षात आलं.

आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे, बट्टा. एका मुलखाचं नाणं दुसऱ्या मुलखात चालवायचं तर सराफ ते पारखायचा, वजन करायचा आणि नाण्यामागे इतका बट्टा पडेल असं सांगायचा. पटलं तर नाणं त्याच्या हातात द्यायचं, नाही तर पुढचं दुकान गाठायचं. सराफ काही संत नव्हते. 'आतबट्ट्याचा व्यवहार' हा शब्दप्रयोग उगाच रूढ झालेला नाही. पण बट्टा किती ते नाणं हातातून सुटण्याआधी कळत असे. तुमच्याकडे तो महिनाअखेरीस कळतो, आणि तेव्हाही पूर्ण कळत नाही. माझं गाऱ्हाणं एवढंच आहे. पुढे लिहिते ते या एकाच गाऱ्हाण्याचे निरनिराळे पदर आहेत.

आधी एक कबुली. परदेशी व्यवहाराला तुम्हाला खर्च येतो हे मला मान्य आहे. परदेशी व्यवहारांत फसवणुकीचं प्रमाण जास्त असतं, तंटे मिटवायला वेळ जातो, कार्ड चालवल्यापासून हिशेब पुरा होईपर्यंत चलनाचा भाव हलू शकतो. फुकट काम करा असं मी म्हणत नाही. पण खर्च किती आणि आकारणी किती, याचं काही नातं असावं की नाही? अमेरिकन एक्स्प्रेसनं १८९१ मध्ये प्रवासी धनादेश काढला, तेव्हा कागदाचा तो तुकडा बोटीनं समुद्र ओलांडून परत यायचा, कुणीतरी हातानं नोंद करायचं. तेव्हाची दलाली समजू शकते. पुढे कार्डं आली तरी कार्बनच्या पावत्या होत्या, त्या टपालानं जायच्या. आज कार्ड मशीनला टेकवलं की दोन सेकंदांत मंजुरी येते. कार्ड-जाळं, म्हणजे व्हिसा-मास्टरकार्डसारखी बँकांना जोडणारी कंपनी, दिवसभरातले अगणित व्यवहार एकमेकांत वळते करून बँकांशी निव्वळ रकमेचा हिशेब करतं. माझ्या औषधाच्या बिलासाठी कुणी वेगळं चलन विकत आणायला जात नाही. काम इतकं हलकं झालं, पण टक्का काही त्या मानानं उतरलेला दिसत नाही.

आता त्या ४ टक्क्यांचं. साडेतीन टक्के तुमचा मार्कअप, म्हणजे परकीय चलनावरचा अधिभार. त्यावर कर. उरलेला अंश विनिमय दरात मुरलेला. कार्ड-जाळ्याचा स्वतःचा दर असतो. तो जाहीर दराच्या जवळपास असला तरी तोच नसतो. शिवाय तो अनेकदा कार्ड चालवल्याच्या दिवसाचा नसतो. व्यवहार प्रक्रियेला येतो त्या दिवसाचा असतो. मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. यापेक्षाही मला खटकते ती जाहिरात. 'परदेशात शून्य शुल्क' असं ठळक अक्षरात लिहायचं आणि जे घ्यायचं ते दरात मिसळून घ्यायचं. दूध फुकट म्हणायचं आणि पाण्याचे पैसे लावायचे, तशातला प्रकार. शून्य शुल्काची प्रामाणिक कार्डंही आहेत, नाही असं नाही. म्हणजे हे करणं शक्य आहे, हेही सिद्ध झालं. फक्त ती कार्डं बहुधा भरपूर वार्षिक फी भरणाऱ्या किंवा मोठी शिल्लक ठेवणाऱ्या ग्राहकांसाठी असतात. वसतिगृहात राहून शिकणारा विद्यार्थी, कंत्राटावर परमुलखात गेलेला कामगार, माझ्यासारखी रुग्णाची नातलग, यांच्या खिशात साधं कार्ड असतं आणि पूर्ण टक्का त्यांच्याकडून वसूल होतो.

ते ३ व्यवहार, जिथे ८ टक्के गेले, त्यांची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण त्यांत चूक माझ्या बोटाची होती. निदान कागदावर तरी.

पहिल्याच संध्याकाळी मशीनच्या पडद्यावर दोन बटणं आली. एकावर तिथल्या चलनातली रक्कम, दुसऱ्यावर माझ्या देशाच्या चलनातली. प्रवासानं अंग आंबलेलं, बहीण आत ऑपरेशनच्या टेबलावर, आणि समोर ओळखीचे आकडे. ते दिसल्यावर हायसं वाटलं आणि मी तेच बटण दाबलं. पुढच्या दोन दिवसांत आणखी दोनदा दाबलं. चौथ्या दिवशी भाच्यानं पाहिलं आणि तो ओरडलाच, "मावशी, ते नको दाबूस!" या प्रकाराला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. तिथे रूपांतर तुमचं कार्ड-जाळं करत नाही. दुकानदाराची बँक किंवा तिनं नेमलेली कंपनी स्वतःचा दर लावून करते आणि त्या नफ्यात दुकानदारालाही वाटा असू शकतो. हा दर ग्राहकाला बहुतेक वेळा महागच पडतो. नियमानं निवड ग्राहकानं करायची असते, म्हणून बटणं दोन. पण आपलं चलन हिरव्या चौकटीत आणि परकं चलन राखाडी चौकटीत दाखवलं, की दमलेलं बोट कुठे जाणार हे डिझाइन करणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं.

तुम्ही म्हणाल, ते मशीन आमचं नाही. खरं आहे. पण परदेशातला वापर सुरू करायला मी तुमच्याच ॲपमध्ये गेले होते. तिथे विमा घ्या म्हणून एक पडदा आला, कर्ज घ्या म्हणून दुसरा आला. 'परदेशी मशीननं विचारलं तर तिथलंच चलन निवडा' ही सात शब्दांची ओळ तिसऱ्या पडद्यावर मावली नसती का? आणि रूपांतर दुसऱ्यानं केलं, तुम्ही चलनाला हातही लावला नाही, तरी त्या तिन्ही व्यवहारांवर तुम्ही 'परदेशी व्यापारी' या नावानं आकारणी केलीच. रक्कम माझ्या चलनात, कापली माझ्या चलनात, मग हा टक्का कशाचा? घरी बसून एखाद्या संकेतस्थळावर आपल्याच चलनात खरेदी केली, तरी विकणाऱ्याची बँक परदेशात असेल तर हीच आकारणी लागू शकते, हे तर बहुतेकांच्या गावीही नसतं. पैसे देताना पडद्यावर 'हा विक्रेता परदेशी आहे' एवढंही येत नाही.

रोख रकमेबद्दल थोडक्यात. एटीएमच्या मालकाचं शुल्क, माझ्या बँकेचं ठरावीक शुल्क, त्यावर टक्केवारी, त्यावर कर. एका नोटेला चार कात्र्या. रक्कम जितकी लहान तितका ठरावीक शुल्काचा घाव मोठा, म्हणून ते ११ टक्के. यात क्रेडिट कार्ड वापरलं असेल तर बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून व्याजही चालू होतं, खरेदीला मिळते तशी सवलतीची मुदत मिळत नाही. माझं डेबिट कार्ड होतं म्हणून मी त्यातून सुटले.

आणि आता अनामत. खरं सांगते, बाकी सगळं मी गिळलं असतं.

दाखल करताना हॉस्पिटलनं अनामत मागितली. मी कार्डानं भरली. माझ्या सगळ्या खर्चातली सर्वांत मोठी रक्कम ती. उपचार विम्यातून भागले आणि १९ व्या दिवशी हॉस्पिटलनं अनामत जशीच्या तशी परत केली. त्यांच्या चलनात एक पैसाही कमी नाही, पावती माझ्याकडे आहे. माझ्या खात्यात मात्र ती घटून आली. जाताना मार्कअप लागला होता, तो परत मिळाला नाही. येताना दर वेगळा लागला, तोही माझ्या अंगावर येणारा, आणि त्यातून पुन्हा मार्कअप वजा झाला. मी काही विकत घेतलं नाही. हॉस्पिटलनं काही ठेवून घेतलं नाही. रक्कम गेली तशी परत आली, आणि या जाण्यायेण्यात तुम्ही दोन्हीकडून बट्टा घेतलात. हिशेबाच्या भाषेत बोलायचं तर जी नोंद उलट फिरवली, तिचं कमिशन उलट फिरलं नाही. आमच्या कार्यालयात एखाद्या कारकुनानं अशी नोंद केली असती तर लेखापरीक्षकानं त्याला खुर्चीवरून उठवलं असतं.

याबद्दल विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "अटी व शर्तींत नमूद आहे." आहे, मी वाचलं. नमूद आहे म्हणून ते रास्त ठरतं का, हा माझा प्रश्न होता.

यात तुम्हाला अशक्य वाटावं असं मी काही मागत नाही. युरोपीय संघानं २०१९ मध्ये नियम बदलले. त्यानंतर एप्रिल २०२० पासून तिथे संघातल्या चलनांपुरतं बंधन आहे, की रूपांतराची एकूण आकारणी युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरापेक्षा किती टक्के जास्त आहे ते सांगायचं. मशीनवर रूपांतर देऊ करणाऱ्यानं ते पैसे देण्याआधी दाखवायचं, आणि कार्ड देणाऱ्या बँकेनंही उघड करायचं. वर्षभरानं कार्डधारकाला तसा इलेक्ट्रॉनिक संदेश पाठवणंही सक्तीचं झालं. म्हणून तिथल्या बँका बुडाल्या असं काही ऐकिवात नाही. अमेरिकेत तर कार्डधारक न्यायालयात गेले. परदेशी व्यवहारांवरची आकारणी संगनमतानं ठरवली आणि नीट उघड केली नाही, असा आरोप व्हिसा, मास्टरकार्ड, डायनर्स क्लब आणि काही मोठ्या बँकांवर होता. आरोप नाकारत त्यांनी २००६ मध्ये ३३ कोटी ६० लाख डॉलरला तडजोड केली. इतकी रक्कम मोजायची वेळ आणण्यापेक्षा पडद्यावर एक आकडा दाखवणं स्वस्त पडलं असतं, असं मला आपलं वाटतं.

देखरेख करणाऱ्यांनाही एक आठवण. जी-२० देशांच्या आराखड्यानुसार वित्तीय स्थैर्य मंडळानं, म्हणजे जगाच्या वित्तीय व्यवस्थेवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, २०२१ मध्ये लक्ष्यं जाहीर केली. २०२७ संपेपर्यंत सीमापार किरकोळ देयकांचा जागतिक सरासरी खर्च १ टक्क्यापेक्षा जास्त नसावा आणि कुठल्याही दोन देशांदरम्यान तो ३ टक्क्यांवर जाऊ नये, असं त्यांत म्हटलं आहे. माझ्या वहीतला सर्वांत स्वस्त व्यवहारही त्या कमाल मर्यादेच्या बाहेर आहे. तुमचे प्रतिनिधी या बैठकांना बसतात. परत आल्यावर आपल्या देखरेखीखालच्या बँकांना ते काही विचारतात का?

माझ्या मागण्या अशा आहेत.

परदेशी वापराची एकूण किंमत एकाच आकड्यात सांगा. मार्कअप, दरातला फरक, कर, सगळं धरून, मध्यवर्ती बँकेच्या जाहीर दरापेक्षा किती टक्के जास्त पडेल तो आकडा. तो कार्ड देताना सांगा, ॲपमध्ये परदेशी वापर सुरू करताना दाखवा आणि प्रत्येक व्यवहारानंतरच्या संदेशात लिहा. दरातून काही मिळवत असाल तर 'शून्य शुल्क' हे शब्द वापरू नका.

परत आलेल्या रकमेवर बट्टा घेऊ नका, आणि जाताना घेतलेला परत करा. चलनाचा भाव मधल्या काळात हलला तर ते नशीब माझं, त्याबद्दल मी भांडणार नाही. पण तुमचं शुल्क म्हणजे काही बाजारभाव नाही.

परदेशी मशीनवर आपल्या चलनात रूपांतर नको असेल तर ते कायमचं बंद ठेवण्याची सोय कार्डातच द्या. कार्ड-जाळ्यांशी बोलून ते कसं जमवायचं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते होईपर्यंत ती सात शब्दांची ओळ तरी छापा.

रक्कम ग्राहकाच्याच चलनात असेल तर केवळ विक्रेता परदेशी आहे म्हणून टक्का लावू नका. लावायचाच असेल तर पैसे देण्याआधी कळवा आणि नको म्हणायची संधी द्या.

एटीएमवर ठरावीक शुल्क किंवा टक्केवारी, दोन्हींपैकी एकच घ्या.

स्टेटमेंटमध्ये मूळ चलनातली रक्कम, लावलेला दर, तो कुठल्या दिवसाचा, मार्कअप आणि कर हे वेगवेगळ्या रकान्यांत द्या. आज सगळं मिळून एक रक्कम येते आणि खाली कंसात परकं चलन. त्यातून दर काढायचा तर भागाकार करत बसावं लागतं. मला तो येतो, पण सगळ्यांनी का करावा?

मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी सर्व बँकांच्या या आकड्याचं एक साधं कोष्टक प्रसिद्ध करावं. बँकेचं नाव आणि टक्का, दोनच रकाने. माझा अंदाज असा की बाकी कुठलाही नियम न करता एवढ्यानंच बरेच टक्के खाली येतील.

बहिणीची प्रकृती आता बरी आहे. येत्या दोन महिन्यांत तिची पुढची तपासणी आहे आणि मी पुन्हा जाणार आहे. तेच कार्ड, तीच वही. हॉस्पिटल पुन्हा अनामत मागेल आणि तिच्यावर दोन्हीकडचा बट्टा आधीच धरून मला पैसे जमवावे लागतील. तो नक्की किती धरू, एवढं तरी निघण्यापूर्वी कळवावं. माझ्या बँकेकडे माझा पत्ता आहे.

आपली,
एक खातेदार